पुरुषांच्या भीतीला उत्तर देणारे र. धों. कर्वे

भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये दाराजवळच्या पत्र्यावर छोटे छोटे कागद चिकटवलेले दिसतात. शीघ्रपतन, स्वप्नदोष, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज आणि खाली एक मोबाइल नंबर. मीरा रोड, दहिसर, बोरिवली मागे पडतात. रुळांलगतच्या भिंतींवरही तोच मजकूर रंगवलेला असतो. डब्यात दाटीने उभे असलेले पुरुष तो वाचतात आणि वाचलाच नाही असे दाखवतात. त्यातलाच एखादा नंबर लक्षात ठेवतो, रात्री उशिरा गच्चीवर जाऊन फोन लावतो आणि पुढचे काही महिने कुठले तरी महागडे चूर्ण घरच्यांपासून लपवून घेत राहतो.

याच मार्गावर पुढे चर्नी रोड स्थानक लागते. तिथे उतरून चालत गेले की गिरगाव. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या गिरगावात एक माणूस याच प्रश्नांची उत्तरे देत बसला होता. ताकदीचे कोणतेही औषध न विकता आणि कोणालाही न घाबरवता तो ती उत्तरे छापील मासिकातून देत असे. तो डॉक्टर नव्हता. गणिताचा प्राध्यापक होता, आणि या कामासाठी त्याने नोकरीवर पाणी सोडले होते. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

मुरुडचा मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात दगावल्या, तेव्हा त्या अवघ्या २७ वर्षांच्या होत्या आणि रघुनाथ ९ वर्षांचा. त्या काळी बाळंतपणात बाई जाणे हे प्राक्तन मानले जाई. एकामागून एक येणारी गर्भारपणे आणि त्यांनी पोखरलेले शरीर यांचा विचार करायचा असतो, हे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे ज्याने आयुष्यभर संततिनियमनाचा प्रचार केला, त्याच्या लहानपणी घरात हे घडले होते.

१८९३ मध्ये वडिलांनी एका विधवेशी, गोदूबाईंशी, विवाह केला. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहाबद्दल मुरुडच्या लोकांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. समाजाच्या विरोधात एक पाऊल टाकले तर घराला काय सोसावे लागते, हे रघुनाथरावांनी अकराव्या वर्षीच पाहिले. वडिलांच्या कार्याचा मान पुढे वाढतच गेला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाने निवडलेला विषय मात्र असा होता की त्यासाठी हारतुरे मिळण्याची शक्यताच नव्हती.

रघुनाथराव शिकले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. त्याच्या पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले, तिथे फ्रेंच भाषा पक्की केली आणि त्या भाषेतले लैंगिक शास्त्रावरचे लेखन त्यांच्या वाचनात आले. गणिताची सवय त्यांच्या लिहिण्यात शेवटपर्यंत राहिली. विधान करायचे तर त्याला पुरावा हवा आणि पुरावा नसेल तर ते विधान कितीही पवित्र ग्रंथातले असले तरी सोडून द्यायचे, हा त्यांचा खाक्या होता.

मुंबईतले केंद्र

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे असे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. त्याआधी १९१६ मध्ये अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी ब्रुकलिनमध्ये असा दवाखाना काढला, तेव्हा पोलिसांनी थोड्याच दिवसांत तो बंद पाडला होता. म्हणजे मुंबईतला हा उद्योग जगाच्या मागे नव्हता, बरोबरीने चालला होता. फरक इतकाच, की लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पुढाकार स्त्रियांनी घेतला होता आणि इथे तो एका मराठी प्राध्यापकाने घेतला.

या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई बरोबरीने उभ्या राहिल्या. आपण मूल होऊ द्यायचे नाही, असा निर्णय या जोडप्याने घेतला. त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी. हा तपशील आज वाचतानाही थांबायला लावतो. मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणून हिणवण्याचा आणि नवऱ्याला दुसरे लग्न करायला सुचवण्याचा तो काळ. मूल होऊ देण्याची क्षमता म्हणजेच पुरुषत्व, अशी सर्वांची समजूत. ती क्षमता एका पुरुषाने स्वतः होऊन सोडली, आणि तरीही तो पूर्वीइतकाच पुरुष राहिला.

त्यामागचे शरीरशास्त्र साधे आहे. पुरुष नसबंदीत शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. वृषण जिथल्या तिथे राहतात, त्यांतून तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पूर्वीसारखेच रक्तात मिसळते, त्यामुळे कामेच्छा, ताठरता, दाढीमिशा, कामाची ताकद यांपैकी काहीही कमी होत नाही. वीर्यही येते, कारण त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत तयार होतो. फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. स्त्रीची नसबंदी करायची तर पोट उघडावे लागते किंवा दुर्बिणीने पोटात शिरावे लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया त्या मानाने किरकोळ. १९७४ मध्ये चीनमधले डॉ. ली शुनच्यांग यांनी शोधलेल्या पद्धतीत तर चाकूने कापावेही लागत नाही.

१९२३ मध्ये कर्व्यांचे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आले. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. महाविद्यालय मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने वर्गाबाहेर उघडपणे गर्भनिरोधाचा प्रचार करावा आणि स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असे म्हणावे, हे चालकांना रुचणारे नव्हते. १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आले. त्यांनी तो दिला आणि प्रचार सुरूच ठेवला. त्यानंतरची सगळी वर्षे ओढगस्तीची गेली.

पत्रे लिहिणारे पुरुष

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक, लेखक, हिशेबनीस आणि व्यवस्थापक, बहुतेक भूमिका कर्व्यांच्याच. पुढची २६ वर्षे, अगदी मरेपर्यंत, त्यांनी हे मासिक चालवले. गर्भनिरोध, गुप्तरोग, विवाह, वेश्याव्यवसाय, आहार, धर्मश्रद्धा अशा अनेक विषयांवर त्यात लेख येत. पण मासिकाचा सर्वांत जिवंत भाग होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा.

हे मासिक बायका बिघडवते, अशी ओरड होई. प्रत्यक्षात प्रश्न विचारणारे बहुतेक पुरुष होते, शिकलेले आणि मध्यमवर्गीय. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या अभ्यासकांनी या पत्रव्यवहाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात पुन्हा पुन्हा दिसते ती भीती. हस्तमैथुनाची सवय लागली, आता आयुष्य वाया गेले का? झोपेत वीर्य गेले, तर शक्ती गेली का? लग्न ठरले आहे, पण आपण लग्नाला लायक आहोत का? बायकोचे समाधान होत नसेल तर दोष कोणाचा? ब्रह्मचर्य पाळले नाही तर बुद्धी मंद होते का?

ही भीती कुठून आली, ते समजून घ्यायला हवे. शरीरात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू एकातून एक घडतात आणि शुक्र हे त्यांतले शेवटचे सार, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. त्यातूनच वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अमुक इतके थेंब, असा हिशेब घरोघर पोहोचला. पण हा फक्त आपल्याकडचा समज नव्हता. स्वित्झर्लंडचे डॉक्टर तिसो यांनी १७६० मध्ये हस्तमैथुनावर लिहिलेल्या पुस्तकाने युरोपातल्या कित्येक पिढ्यांना घाबरवून सोडले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज राज्यकर्ते हिंदी पुरुषाला दुबळा म्हणत, तेव्हा त्याला उत्तर म्हणून तालीम, ब्रह्मचर्य आणि वीर्यरक्षण यांचा प्रचार जोरात सुरू झाला. देश बलवान करायचा तर तरुणाने वीर्य सांभाळले पाहिजे, असे सांगितले जाई. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या अंथरुणातली ओली चादर मग केवळ त्याची राहत नसे. ती राष्ट्राची हानी ठरे.

कर्व्यांची उत्तरे छोटी असत, कधी कधी तुसडीही. हस्तमैथुनाने अपाय होत नाही. अपाय होतो तो त्याच्या भीतीने. झोपेत वीर्य जाणे हा रोग नाही. ब्रह्मचर्याने शक्ती वाढते याला पुरावा नाही. एवढेच सांगून ते थांबत. घाबरलेल्या माणसाला धीर देण्यासाठी गोड बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण पुराव्यावर आधारलेले एक कोरडे वाक्यही त्या माणसाला किती आधार देत असेल, याची कल्पना लोकलमधल्या त्या कागदांकडे पाहिले की येते.

आजचे विज्ञान या बाबतीत कर्व्यांच्या बाजूने आहे. वीर्य रक्तापासून थेंबाथेंबाने आटवून बनत नाही. त्यात मुख्यतः पाणी, फ्रुक्टोज नावाची साखर, काही प्रथिने आणि क्षार असतात. एका वेळी ते काही मिलिलिटरच असते. शुक्रजंतू वयात आल्यापासून सतत तयार होत राहतात. एक शुक्रजंतू घडायला साधारण अडीच महिने लागतात, पण रोज कोट्यवधी नवे तयार होत असल्याने साठा संपण्याचा प्रश्न येत नाही. बाहेर पडले नाहीत तर शरीर त्यांची विल्हेवाट लावते. लघवीवाटे धातू जातो म्हणून घाबरून येणाऱ्या अनेकांच्या लघवीत केवळ फॉस्फेटसारखे क्षार असतात, त्यामुळे ती पांढरट दिसते.

पण भीती खरी असते आणि तिचे परिणामही खरे असतात. अशक्तपणा, छातीत धडधड, झोप न लागणे, निरुत्साह अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या आणि त्या सगळ्यांचे खापर वीर्यनाशावर फोडणाऱ्या तरुणांच्या या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यात अनेकदा खरा आजार चिंता किंवा नैराश्याचा असतो. चूर्णाने तो बरा होत नाही, उलट भीतीवर शिक्कामोर्तब होते. कर्व्यांकडे येणाऱ्या पत्रांत हीच लक्षणे त्याआधी तीस वर्षे दिसत होती.

सत्ता आणि अज्ञान

पुरुषप्रधान समाजात पुरुष घरचा मालक. पैसा त्याचा, निर्णय त्याचा, बायकोच्या शरीरावरही हक्क त्याचाच. ज्याच्याकडे इतकी सत्ता, त्याला काही माहीत नाही असे कसे चालेल? म्हणून त्याने विचारायचे नाही. वडिलांना नाही, मित्रांना नाही, बायकोला तर नाहीच. मित्रांत फुशारकी मारायची आणि मनातल्या शंकेचे ओझे एकट्याने वाहायचे. कर्व्यांच्या मासिकाला पत्र लिहिणारा पुरुष घरात हुकूम सोडणारा होता आणि टपालाने, नाव झाकून, मदत मागत होता.

या अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत मात्र बायकांनी मोजली. गुप्तरोगांचेच पाहा. पेनिसिलिन १९४० च्या दशकात आले. त्यापूर्वी उपदंशावर आर्सेनिकयुक्त औषधांचे लांबलचक उपचार असत आणि परम्यावर खात्रीचा इलाज जवळजवळ नव्हताच. नवरा बाहेरून रोग घेऊन येई आणि लाजेने गप्प बसे. उपदंशाने बायकोचे गर्भ पडत, मूल मृत जन्मे. परम्याने नवजात बाळाचे डोळे जात. बोल लागे तो बाईच्या नशिबाला. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक कर्व्यांनी लिहिले ते या परिस्थितीत. रोगाला पापाची शिक्षा मानण्यापेक्षा तो टाळण्याचे उपाय सांगणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

मूल न होण्याचेही तसेच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत, सापडते. वीर्यतपासणी ही सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी. तरीही बायकोच्या सगळ्या तपासण्या, नवससायास, सोनोग्राफ्या होईपर्यंत नवरा प्रयोगशाळेची पायरी चढत नाही, हा अनुभव डॉक्टरांना आजही येतो.

कर्व्यांचे म्हणणे याच्याही पुढचे होते. कामसुख हा पुरुषाचा हक्क आणि स्त्रीचे कर्तव्य, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. स्त्रीलाही इच्छा असते, तिचेही समाधान व्हायला हवे आणि मूल केव्हा हवे, हवे की नको, हे तिने ठरवायला हवे. त्यांच्यावर लोक भडकले ते मुख्यतः यामुळे. गर्भनिरोधाने लोकसंख्या आटोक्यात राहील, इथपर्यंत काही सुधारक त्यांच्याबरोबर येत. गर्भनिरोधाने स्त्री निर्भयपणे सुख घेईल, म्हटले की तेही मागे सरत. १९३५ च्या अखेरीस मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हाही मतभेद इथेच होता. गांधीजींना संयम हाच मार्ग मान्य होता, कृत्रिम साधने नव्हेत. कर्व्यांनी गांधीजींच्या या मताला सातत्याने विरोध केला, आणि तो त्यांच्या लोकप्रियतेच्या ऐन भरात केला.

न्यायालयात

१९३१ मध्ये पुण्यातल्या सनातन्यांच्या तक्रारीवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. कारण होते व्यभिचाराच्या प्रश्नावरचा लेख. त्यात त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर, त्यातही हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवर.

या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, लोक अडचणी विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच उपाय आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी संबंधांबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या अभ्यासाचा आधार घेतला. निकाल विरोधात गेला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

नोकरी गेलेल्या माणसाला १०० आणि २०० रुपये दंड ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. तरी मासिकाचा अंक निघत राहिला. १९३४ मध्येच ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक आले, १९३८ मध्ये ‘आधुनिक आहारशास्त्र’ आणि १९४० मध्ये ‘वेश्याव्यवसाय’. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. शेजारपाजारच्या कुजबुजीचा आणि टोमण्यांचा मोठा वाटा या बाईंनी झेलला होता. त्यांच्या मागे रघुनाथरावांनी एकट्याने आणखी नऊ वर्षे काम रेटले.

कर्वे सर्व बाबतींत बरोबर होते, असे नाही. संतती कोणी व्हावी आणि कोणी होऊ नये, याविषयीच्या सुप्रजाशास्त्राच्या तत्कालीन कल्पनांचा त्यांच्यावर पगडा होता. त्या कल्पना पुढे विज्ञानाने आणि इतिहासानेही मोडीत काढल्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रे छापण्यामागे शरीराची लाज घालवण्याचा हेतू त्यांनी सांगितला, पण पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ही जुनी मांडणी त्यातून मोडली नाही. त्यांनी सांगितलेली काही साधनेही आज कालबाह्य झाली आहेत. विज्ञानाची बाजू घेणाऱ्याचे लेखन विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहणे, हे त्यांच्याच पद्धतीला धरून आहे.

मागे काय उरले

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे मुंबईत निधन झाले. वय ७१. वडील तेव्हा हयात होते. ते १९६२ पर्यंत जगले. त्याआधी वर्षभर, १९५२ मध्ये, भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला होता. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या गोष्टीसाठी प्राध्यापकाची नोकरी गेली, ती आता सरकारी धोरण झाली होती. १९५४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, औषधे आणि जादूई उपाय यांच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा आला. कामशक्ती वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना या कायद्याने बंदी आहे. लोकलच्या डब्यातले ते कागद त्याच कायद्याच्या नाकावर टिच्चून चिकटवलेले असतात.

सरकारने कार्यक्रम उचलला, पण कर्व्यांचा गाभा उचलला नाही. त्यांनी माहिती देऊन माणसाला निवड करू द्यायची, असे म्हटले होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सुमारे ६० लाख पुरुष होते आणि अनेकांवर सक्ती झाली. त्या धसक्यातून पुरुष नसबंदी सावरलीच नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आढळले आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई, हे गणित कोणत्याही गणिताच्या प्राध्यापकाला पटणारे नाही.

पुरुषांच्या गप्प बसण्याची किंमत आता त्यांच्या स्वतःच्या हृदयालाही मोजावी लागते. ताठरतेच्या तक्रारीमागे अनेकदा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने चरबीचा थर साचण्याचा परिणाम तिथे आधी जाणवतो. हृदयविकाराच्या काही वर्षे आधी मिळालेली ही सूचना असू शकते. रक्तातली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासण्याऐवजी जो खासगीत ताकदीच्या गोळ्या घेतो, तो ही सूचना वाया घालवतो. अशा बेनामी गोळ्यांत सिल्डेनाफिलसारखे औषध न सांगता मिसळलेले असण्याची शक्यता असते. हृदयरोगासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. उलट, कारण शोधून नीट उपचार घेतले तर यांतल्या बहुतेक तक्रारींवर डॉक्टरांकडे उपाय आहेत. नसबंदी सरकारी रुग्णालयात मोफत होते. त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, एवढे पथ्य.

भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, एखाद्या पालिका दवाखान्यात किंवा घराजवळच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन हे प्रश्न विचारायला आज कोणाला नाव झाकावे लागू नये. कर्व्यांच्या वाचकांना ते झाकावे लागले. नाव झाकून का होईना, त्यांनी विचारले. ज्याने उत्तरे दिली, त्याने मात्र प्रत्येक अंकावर आपले नाव छापले.